यंदा ईस्टर करायचा का?

*वसईजवळच्या एका गावातून आलेलं पत्र, थोडं आवरून:*

*"माझं वय ४४. गेल्या सप्टेंबरात माझे यजमान अचानक गेले. मुलगी कॉलेजात आहे, मुलगा नववीत, सासूबाई आमच्याकडेच असतात. ईस्टर तोंडावर आलाय आणि माझ्या पोटात गोळा आलाय. दीर आणि नणंदा म्हणतात, वर्ष पाळायचं, यंदा घरात तळण नको, नवे कपडे नकोत. प्रार्थना गटातली मैत्रीण उलट सांगते, पुनरुत्थानावर विश्वास असेल तर डोळ्यांत पाणी येताच कामा नये, बायबलमध्येच लिहिलंय शोक करू नका म्हणून. मुलगा विचारतो, आई, फुगे करणार ना? सासूबाई काही बोलत नाहीत. शनिवारच्या रात्रीसाठी पाच मेणबत्त्या दर वर्षी हेच आणायचे. त्या गर्दीत उभं राहून माझ्या तोंडातून देवाच्या स्तुतीचं आलेलुया निघणार नाही. म्हटलं तर ढोंग, नाही म्हटलं तर विश्वास कमी. रोज पहाटे तीनला जाग येते आणि हेच डोक्यात फिरतं. काय करू?"*

प्रिय ताई,

तुमच्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्याला थांबायला लावणं बरं नव्हे. हो, सणाचे तळलेले फुगे करा. का करायचे आणि कुणी करायचे, ते पुढे सांगते.

आता तुमच्या डोळ्यांतल्या पाण्याबद्दल. परवाच्या रविवारी, २२ मार्चला, तुम्ही चर्चमध्ये मिस्साला गेला असाल तर लाझरसचं शुभवर्तमान ऐकलं असेल. ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पाचव्या रविवारी यंदा तेच वाचन होतं. मोठं वाचन आहे, उभं राहून पाय दुखतात, म्हणून त्यातली एक ओळ कानावरून निघून जाते. लाझरस मरून चार दिवस झालेत. येशू त्याच्या गावी, बेथानीला, येतो. आपण कशासाठी आलोय ते त्याला पक्कं ठाऊक आहे. निघण्याआधीच शिष्यांना त्यानं सांगितलंय की लाझरस झोपलाय आणि मी त्याला उठवायला चाललोय. म्हणजे थोड्या वेळात हा माणूस कबरीतून चालत बाहेर येणार, हे तिथं एकट्या येशूला माहीत आहे. तरी लाझरसच्या बहिणीला, मरियाला, रडताना बघून, तिच्याबरोबरच्या माणसांना रडताना बघून, तो रडला. 'तू रडतेस म्हणजे तुझा विश्वास नाही', असं तो तिला म्हणाला नाही. 'थांब, गंमत दाखवतो', असंही म्हणाला नाही. तिच्या शेजारी उभा राहून रडला आणि मग म्हणाला, धोंडा बाजूला करा.

पुढं काय होणार हे पक्कं माहीत असलेला माणूस जर रडू शकतो, तर तुमच्या रडण्यानं विश्वासाला कुठून धक्का बसणार? मला तर वाटतं, ज्याचं माणूस गेलंय त्याच्याशेजारी उभं राहून कोरड्या डोळ्यांनी पुनरुत्थानाच्या गोष्टी सांगणं हेच ख्रिस्ताच्या रीतीला सोडून आहे.

तुमच्या मैत्रिणीला मी दोष देत नाही. तिच्या मनात बहुधा संत पौलाचं थेस्सलनीकाच्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेलं पहिलं पत्र असावं, चौथा अध्याय. पण तिथं पौल काय लिहितो ते तिला शांतपणे वाचून दाखवा. ज्यांना आशाच नाही अशा लोकांसारखा शोक तुम्ही करू नये, असं तो म्हणतो. शोकच करू नका, असं म्हणत नाही. हे पत्र तो अशा माणसांना लिहितोय ज्यांच्या घरातली माणसं नुकती गेली आहेत आणि जी घाबरली आहेत. त्यांना तो दटावत नाही. शेवटी सांगतो की या शब्दांनी एकमेकांचं सांत्वन करा. ज्या वचनानं सांत्वन करायचं, तेच घेऊन कुणी तुम्हाला गप्प करायला लागलं, तर वचन अर्धंच वाचलं गेलंय असं समजा.

आता ढोंगाचा प्रश्न. तुम्ही शनिवारी रात्री जावं असं मला मनापासून वाटतं. रविवारी सकाळची मिस्सा यंदा टाळलीत तरी चालेल. सकाळी सगळे नव्या कपड्यांत असतात, अंगणात हात मिळवणं, शुभेच्छा, फोटो, पोरांच्या हातात अंडी. ते सगळं चांगलंच आहे, पण तुम्हाला त्यातून चालत जाणं यंदा जड जाईल. शनिवारची रात्र निराळी असते. ती सुरूच अंधारात होते. नियमच आहे तसा, काळोख पडल्याशिवाय पास्काचा, म्हणजे ईस्टरच्या रात्रीचा, जागरण विधी सुरू करता येत नाही. चर्चमधले सगळे दिवे मालवलेले असतात. गुरुवारपासून घंटा मुक्या असतात. शुक्रवारी मिस्सा झालेली नसते, वेदी उघडी पडलेली असते, सगळं घर आवरून माणसं कुठं निघून गेल्यासारखं. ताई, चर्चचं वर्षभरातलं कुठलं रूप तुमच्या आत्ताच्या घराच्या सगळ्यांत जवळचं असेल, तर ते हेच. तिथं तुम्हाला चेहरा तयार करून जावं लागत नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझे यजमान गेले त्याला आता सतरा वर्षं झाली. त्यानंतरच्या पहिल्या ईस्टरला मी गेले खरी, पण फाटकाच्या आत यायचा धीर झाला नाही. बाहेर अंगणात विस्तव पेटवला होता, लोक त्याच्याभोवती उभे होते, आणि मी मागं, चपला काढून ठेवतात त्या भिंतीशी. फादरांनी पास्काची मोठी मेणबत्ती हातात घेतली. तिच्यावर क्रूस कोरतात, वर आल्फा, खाली ओमेगा, ग्रीकमधली पहिलं आणि शेवटचं अक्षर, आणि क्रुसाच्या चार कोपऱ्यांत त्या वर्षाचे चार आकडे. काळ त्याचा आहे, युगं त्याची आहेत, असं म्हणत एकेक आकडा कोरायचा. इतकी वर्षं मी ते बघत आले होते, पण त्या रात्री पहिल्यांदा कळलं की ते वर्ष म्हणजे कुठलं वर्ष. ज्या वर्षात माझे यजमान नाहीत ते. जे कॅलेंडरातून फाडून टाकावंसं वाटत होतं तेच त्या मेणात नीट, खोल कोरलं जात होतं. यंदा तिथं २०२६ कोरतील. बघा.

मग ज्योत आत गेली. 'ख्रिस्ताचा प्रकाश' असं तीनदा म्हणतात, तीन जागी थांबून, आणि त्या एका मेणबत्तीवरून बाकीच्यांच्या पेटत जातात. माझ्या हातात मेणबत्ती होती, पण मी हात खालीच ठेवला होता. आमच्या आळीतली एक म्हातारी, लाल लुगड्यातली, हातात पेटलेली मेणबत्ती धरून माझ्यापुढं येऊन उभी राहिली. मला वाटलं ती आपली ज्योत माझ्याकडे वाकवेल. ती हललीच नाही. म्हणाली, "माझी वाकवली तर मेण सांडंल, हात पोळंल. तुझी विझलेली आहे, तू वाकव." मी वाकवली. पेटली. ती एवढंच बोलली आणि आपल्या जागी गेली. त्यानंतर मी अडीच तास आत उभी होते आणि एकही शब्द गायले नाही. रडत होते. पण ज्योत पेटलेली होती आणि ती सांभाळायला एक हात लागत होता, त्यामुळं रडायलाही जरा शिस्त आली.

तुम्ही लिहिता की आलेलुया तोंडातून निघणार नाही. उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारपासून ते कुणाच्याच तोंडातून निघालेलं नाही. उपवासकाळात आपण तो शब्द मिटून ठेवतो. त्या रात्री तो परत येतो तेव्हा सगळ्यांच्या गळ्यातून एकदम फुटत नाही. आधी एकटे फादर तो गातात, तीनदा, दर वेळी सूर थोडा वर चढवून, आणि लोक प्रत्येक वेळी मागून म्हणतात. तीन संधी आहेत. तुम्हाला एकही घ्यावी लागणार नाही. शेजारचे म्हणतात तेव्हा ते तुमच्या वतीनंही म्हणतात, तुम्ही सुखात होतात तेव्हा तुम्ही कुणाच्या तरी वतीनं म्हणतच होतात, तुम्हाला ठाऊक नव्हतं इतकंच. पुढच्या वर्षी किंवा त्याच्या पुढच्या वर्षी मागच्या बाकावर कुणीतरी गप्प उभं असेल. तेव्हा तुम्ही म्हणा.

आणि त्या रात्री तुम्हाला प्रश्न काय विचारला जातो तो नीट ऐका. बाप्तिस्म्याच्या वचनांचं नूतनीकरण होतं, सगळे पेटत्या मेणबत्त्या हातात घेऊन उभे असतात, आणि फादर विचारतात, विश्वास ठेवता काय? पित्यावर, पुत्रावर, पवित्र आत्म्यावर, शरीराच्या पुनरुत्थानावर. आनंद होतोय काय, असं कुणी विचारत नाही. सगळ्या विधीत तो प्रश्नच नाही. तुम्ही ओल्या डोळ्यांनी 'होय, ठेवते' म्हणू शकत असाल तर त्यात ढोंगाचा एक कणही नाही. आणि 'होय' म्हणतानाही आवाज बसला, तर मनात म्हणा.

त्या रात्रीचं शुभवर्तमान तीन वर्षांत आळीपाळीनं बदलतं. यंदा संत मत्तयचं आहे, अठ्ठाविसावा अध्याय. दोन बाया पहाटे कबर बघायला जातात. दूत सांगतो, तो इथं नाही, उठला आहे. मग त्या कबरीपासून लगबगीनं निघतात, आणि मत्तय लिहितो की त्या भयानं आणि मोठ्या आनंदानं निघाल्या. दोन्ही. भीती संपली आणि मग आनंद आला, असं त्यानं लिहिलं नाही. एकाच धावण्यात, एकाच छातीत दोन्ही. मी गेली कितीतरी वर्षं या ओळीपाशी थांबते. ईस्टरचा आनंद पहिल्यांदा ज्यांना मिळाला त्यांनाही तो निखळ मिळाला नव्हता. त्यांचे हात थरथरत होते. म्हणून तुम्हाला शनिवारी रात्री क्षणभर काही हललं, छातीत काही उजळलं, आणि दुसऱ्याच क्षणी परत अंधारून आलं, तर हे काही खरं नव्हे असं समजू नका. पहिला ईस्टर तसाच होता.

आता दिवसांबद्दल. ईस्टरची तारीख दर वर्षी का हलते हे तुमच्या मुलाला ठाऊक आहे का विचारा. २१ मार्च किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार, म्हणून ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिलच्या दरम्यान कधीही येतो. यंदा ही पौर्णिमा म्हणजे चैत्री पौर्णिमा, २ एप्रिलची, शेजारच्या आळीत हनुमान जयंती असेल. आपला तो गुरुवार, प्रभूच्या शेवटच्या भोजनाचा. शनिवारी चर्चला निघाल तेव्हा चंद्र कदाचित उगवलेलाही नसेल, परतताना वाडीवर बऱ्यापैकी वर आलेला असेल. आणि ५ एप्रिलला ईस्टर.

पण तो ५ एप्रिलला संपत नाही, आणि मला तुम्हाला खरं हेच सांगायचंय. उपवासाचे दिवस ४०, आणि ईस्टरचे ५०. पेन्टेकॉस्टच्या सणापर्यंत, यंदा २४ मेपर्यंत, रोज ईस्टरच असतो. आपण चाळीस दिवस निष्ठेनं मोजतो आणि पन्नास दिवस विसरून जातो. सोमवारी अंड्यांची टरफलं केरात गेली की संपला सण. चर्च मात्र त्या पहिल्या आठवड्यात, रोजच्या सकाळच्या मिस्सात, एकेक गोष्ट वाचत राहतं, आणि त्या बहुतेक अशा माणसांच्या आहेत ज्यांना आनंद लगेच झाला नाही.

मंगळवारी, ७ तारखेला, येशूची शिष्या मरिया माग्दालेना हिची. जमलं तर त्या सकाळी जा, चार-पाच म्हाताऱ्यांखेरीज कुणी नसतं. मरिया कबरीबाहेर उभी राहून रडतेय. दूत दिसले तरी रडतेय. खुद्द येशू समोर उभा आहे, तरी तिला तो माळी वाटतो, आणि ती त्यालाच विचारते की तू त्याला कुठं नेऊन ठेवलंस ते सांग. म्हणजे पुनरुत्थान होऊन गेलंय, उठलेला प्रभू हाताच्या अंतरावर आहे, आणि ती अजून रडतेच आहे. डोळ्यांतल्या पाण्यातून तिला नीट दिसत नाही. त्याबद्दल तो तिला एक शब्दही लावत नाही. तिचं नाव घेतो. 'मरिया.' तेवढ्यानं तिला कळतं. पुढं हीच बाई शिष्यांकडे ती बातमी घेऊन जाते. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी तिच्या २२ जुलैच्या स्मृतिदिनाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा दिला, तो याचसाठी.

बुधवारी अम्माऊस गावच्या वाटेवरचे दोघे शिष्य. ते वाटेत भेटलेल्या अनोळखी माणसाला सांगतात, "आम्हाला आशा होती." होती. मला शुभवर्तमानातलं याहून दुःखी वाक्य माहीत नाही. तुम्हालाही गेल्या सप्टेंबरापर्यंत किती आशा होत्या, मुलीचं शिक्षण, घराचं वरचं काम, दोघांनी म्हातारपणी कुठं कुठं जायचं. तो अनोळखी माणूस त्यांचं सगळं ऐकून घेतो, त्यांच्याबरोबर मैलोगणती चालतो, आणि तो कोण हे त्यांना वाटेत कळतच नाही. संध्याकाळी जेवायला बसल्यावर, त्यानं भाकर मोडली तेव्हा कळतं. शुक्रवारी परत तसंच. रात्रभर जाळं टाकून शिष्यांचे हात रिकामे, पहाटे किनाऱ्यावर कोळशाचा विस्तव, त्यावर मासळी, भाकर, आणि हाक येते, या, न्याहारी करा. दोनदा सांगितलंय, म्हणून मी त्याकडे लक्ष देते. उठलेला ख्रिस्त ओळखू येतो तो खाण्याच्या जागी.

म्हणून फुगे.

तुमच्या पत्रात सासूबाईंबद्दल एकच वाक्य आहे, "सासूबाई काही बोलत नाहीत." ते वाचून मी थांबले. तुमचे यजमान गेले तसा त्यांचा मुलगा गेला. घरात येणारी माणसं तुमच्याशी बोलतात, मुलांच्या डोक्यावरून हात फिरवतात, आणि म्हातारीला 'जपा हं' म्हणून निघून जातात. वर्ष पाळायचं की नाही याची चर्चा दीर-नणंदा तुमच्याशी करतात. त्यांना कुणी विचारलंय का? तुम्ही विचारा. अगदी साधं विचारा, "आई, पोरगा फुगे मागतोय, पीठ तुम्ही फेटाल का?"

तुम्हाला सांगायला नकोच, तरी लिहिते, कारण हे लिहितानाही माझे हात चालायला लागतात. मैदा, अंडी, नारळाचं घट्ट दूध, पूर्वी ताडी घालायचे, आता यीस्ट. पीठ नुसतं कालवून होत नाही. हाताच्या ओंजळीनं उचलून भांड्यात आपटायचं, पुन्हा उचलायचं, पुन्हा आपटायचं, खांदा भरून येईपर्यंत, पिठाला तार सुटेपर्यंत. मग झाकून ठेवायचं, फुगेपर्यंत हात लावायचा नाही. आणि तळताना मुठीतून, अंगठा आणि तर्जनीमधून, तेलात सोडायचे. ज्या बाईला सहा महिने बोलता आलेलं नाही तिला एवढा वेळ काहीतरी आपटायला मिळालं तर ते फार चांगलं. मधेच त्या थांबतील, म्हणतील, त्याला असे आवडायचे. म्हणू द्या. मुलालाही ऐकू द्या. तळताना एखादा वेडावाकडा फुगला आणि पोरं हसली आणि तुम्हीही हसलात, तर लगेच दचकून तोंड आवरू नका. तुमच्या हसण्यानं यजमानांचं काही कमी होत नाही.

दीर आणि नणंदांचं काय? त्यांचाही भाऊ गेलाय. वर्ष पाळणं ही त्यांची माया दाखवायची रीत आहे, तिला जुनाट म्हणून उडवून लावू नका. चर्चचा असा काही नियम नाही, हे खरं, पण भांडायला तो दाखला वापरू नका. सांगा, "नवे कपडे नाही घेत, पाहुणे नाही बोलावत, पण शनिवारी चर्चला जाणार आणि पोरांसाठी थोडं करणार. तुम्हीही या जेवायला." वरचा थाटमाट गेला तर जाऊ दे. अंडी, केक, रोषणाई यांतलं काही यंदा नसलं म्हणून ईस्टर अडत नाही.

आणखी एक. पास्काच्या मेणबत्तीवर आकडे कोरून झाले की क्रुसात धुपाचे पाच खडे बसवतात. त्या पाच जखमा आहेत, हाताच्या, पायांच्या, कुशीतली. ईस्टरच्या पुढच्या रविवारी, १२ एप्रिलला, संत थॉमसचं वाचन येईल. त्यात उठलेला प्रभू शिष्यांना हात आणि कूस दाखवतो, आणि जखमा तशाच आहेत. मृत्यूला जिंकून आला, दारं बंद असताना आत आला, पण खुणा पुसून आला नाही. मला कुणी विचारलं की पन्नास दिवसांनी मी बरी होईन का, तर मी सांगते की खूण राहील. सतरा वर्षांनी माझी आहे. पण तिला हात लावता येतो. आणि अमक्या दिवसापासून सावरायला लागले, असा दिवस मला दाखवता येणार नाही. एकदा मे महिन्यात अंगणातला मोगरा तोडताना मी गुणगुणत होते हे माझ्या मुलीनं सांगितलं तेव्हा मला कळलं. पन्नास दिवसांतलाच कुठलातरी दिवस असावा तो.

पहाटे तीनला जाग येते म्हणता, ती मात्र देवाधर्मावर सोडून देऊ नका. अशी झोप महिनोन् महिने मोडली तर माणूस आतून झिजतो. घरच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा. मन फारच खचलं, जगणं नको वाटायला लागलं, तर १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आधाराच्या सेवेचा सरकारी नंबर आहे, रात्रीही लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. प्रार्थना करावी आणि औषधही घ्यावं. दोन्हीत भांडण नाही.

शनिवारी थोडं आधी निघा. वाचनं सगळी घेतली तर विधी लांबतो, सासूबाईंना बसायला भिंतीकडची खुर्ची धरा, तिथून उठता-बसताना आधार मिळतो. तुम्ही त्यांच्या शेजारी बसा, मुलांना पुढं बसू द्या. मत्तयच्या त्या दोघी बायाही एकेकट्या गेल्या नव्हत्या.

मेणबत्त्या आणायला मुलाला पाठवा, वडिलांचं काम त्याच्याकडे येऊ दे. चार सांगा. सवयीनं त्यानं पाच आणल्या तर रागावू नका, परतही पाठवू नका. पाचवी तशीच पिशवीत राहू दे. जर्मनीतल्या हेर्नहूट गावात १७३२ सालच्या ईस्टरला काही तरुण मंडळी उजाडायच्या आत टेकडीवरच्या दफनभूमीत गेली आणि तिथं कबरींच्या मध्ये उभं राहून त्यांनी पुनरुत्थानाची गाणी म्हटली. तेव्हापासून कितीतरी देशांत ईस्टरची पहाट दफनभूमीत होते. तुमची दफनभूमी चर्चला लागूनच असेल. रविवारी, ऊन चढायच्या आत, चौघं जा, थोडे फुगे डब्यात घेऊन. पाचवी तिथं लावा. वारा असेल, एकदोनदा विझेल. मुलाच्या हातात आगपेटी द्या.

तुमची,
सदरलेखिका